संख्याशास्त्र आणि बारा नंबरची होडी

मुंबईला बी.एस्सी. करत होतो तेव्हा मी गाववाल्यांच्या खोलीत राहायचो. खोलीत आम्ही अकरा जण. त्यातले आठ एकाच गिरणीत होते, कारण माझा मामा त्या गिरणीत होता. मामा माणसे चिकटवायचा. नोकरीला लावण्याला आमच्याकडे हाच शब्द. गावाकडून एखादा मुलगा ट्रंक घेऊन आगबोटीतून उतरला, की पंधरा दिवसांत मामा त्याला कुठेतरी चिकटवून मोकळा होई. मुलगा काय शिकला आहे हे मामाने कधी कोणाला विचारले नाही. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेला एक जण कापडाच्या गाठींवर नंबर रंगवायचा. मामा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे, "बघ, तेच्या विषयातलाच काम गावला ना तेका?"

माझा विषय संख्याशास्त्र. मामाने एकदा त्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, "थोडे मोजून पुष्कळाचा अंदाज करायचा."

"म्हणजे अंदाजपंचे! तेका कॉलेज कित्याक होया?"

खोलीतले दहाही जण हसले. मीही हसलो, कारण उत्तर मला नीट देता येत नव्हते.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला. पदवीधरांना त्यांच्या अभ्यासाशी जुळणारे काम मिळावे म्हणून विद्यापीठाने एक कार्यालय उघडले होते. ज्यांना हवे त्यांनी परीक्षेआधी नाव नोंदवायचे होते. आमच्या वर्गात सतरा मुलगे. नाव नोंदवायला गेलो आम्ही सहा. बाकीच्या अकरा जणांचे मत असे, की विद्यापीठाचे काम परीक्षा घेण्याचे आणि नोकरी देण्याचे काम मामांचे.

कार्यालय म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन टेबले आणि लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट. तिथे चाळिशीच्या एक बाई बसत. चष्म्याची भिंगे जाड, बोलणे तुटक. त्यांनी माझ्यापुढे एक कार्ड ठेवले. नाव, पत्ता, विषय भरून झाले. पुढचा रकाना होता, कोणते काम हवे.

"मिळेल ते," मी म्हणालो.

"मिळेल ते हा विषय विद्यापीठ शिकवत नाही. तुम्ही संख्याशास्त्र शिकलात ना? मग ते कुठं कुठं लागेल ते सांगा. तीन कामं लिहा. तीनच्या खाली मी कार्ड घेत नाही."

मी विमा कंपनी लिहिले. मग शिक्षक लिहिले. तिसरे काही सुचेना. बाई वाट पाहत होत्या आणि माझ्या मागे रांगेत चौघे उभे होते.

"गाव कुठलं?"

मी सांगितले. तारकर्ली, मालवणजवळ.

"तिकडे मोजण्यासारखं काय आहे?"

"नारळ, मासे आणि मुंबईला गेलेली माणसं."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "माणसं शिरगणतीवाले मोजतात. नारळ ज्याचे तो मोजतो. मासे कोण मोजतं?"

मी विचार केला. होडीवाला आपल्या होडीतले मोजतो, विकत घेणारी बाई आपल्या टोपलीतले मोजते. पण सबंध किनाऱ्यावर आज किती मासा आला, हे माझ्या माहितीत कोणीच मोजत नव्हते. मी तसे सांगितले.

"मग लिहा."

मी तिसऱ्या ओळीत नुसते 'मासे' लिहिले आणि बाहेर आलो. रांगेतल्या मित्राने ते वाचले होते. तो बोरीबंदरपर्यंत हसत होता.

मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने मी गावी आलो. पुढे निकाल लागला. दुसरा वर्ग मिळाला. मग बसून राहणे सुरू झाले. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते काही बोलत नसत, पण कट्टा गावच्या बाजारात कोणी मुलाचे विचारले की "झिल बी.एस्सी. झालो," एवढे सांगून लगेच तांदळाकडे वळत, असे आईने मला सांगितले.

जुलैत मामाचे पत्र आले. गिरणीच्या हजेरी कचेरीत एक जागा रिकामी होत होती. "दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही." आईच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला. हजेरी म्हणजे मोजणेच, तुझा विषय त्यात आला, असे तिचे म्हणणे. मला मात्र तिथे चिकटायचे नव्हते. चार वर्षे जे शिकलो त्याचे काम एकदा तरी करून पाहायचे होते. मुदत दिवाळीची.

विद्यापीठाच्या कार्यालयाचे पहिले पत्र ऑगस्टमध्ये आले. विमा कंपनीत मुलाखत होती. पावसाने टपाल रखडले होते. पत्र हातात पडले तेव्हा मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. मी बाईंना तसे कळवले. दुसरे पत्र सप्टेंबरच्या शेवटी आले. सरकारचे एक खाते आमच्या किनारपट्टीवर रोज किती मासा येतो याची पाहणी करणार होते. त्यासाठी संख्याशास्त्राचे पदवीधर हवे होते. उमेदवाराने आपल्याच गावच्या किनाऱ्यावर एक दिवस मोजणी करून दाखवायची आणि नंतर अधिकारी येऊन ती तपासणार. पत्राच्या तळाशी बाईंच्या अक्षरात एक ओळ होती, "तुमच्या कार्डावरच्या तिसऱ्या ओळीमुळे."

मी पत्र मोठ्याने वाचून दाखवले. आई म्हणाली, "माशे मोजूक?"

"होय."

"हय, आपल्या वेळेर?" म्हणजे आपल्याच समुद्रकिनाऱ्यावर.

"होय."

"मगे तू म्हमयक कशाक गेलेलंस?"

पत्राबरोबर एक छापील तक्ता होता, नुसत्या आकड्यांचा. नियम सोपा होता. सकाळी किती होड्या गेल्या ते पाहून ठेवायचे. परत येतील तसे त्यांना क्रमांक द्यायचे. पाचातली एक मोजायची, पण कोणती, हे आपण ठरवायचे नाही. तक्त्यात जो आकडा निघेल ती होडी. तेवढ्यांवरून सगळ्या किनाऱ्याचा अंदाज. मामाच्या भाषेत अंदाजपंचे, फक्त आपली मर्जी वगळून.

ही मर्जी वगळणे किती कठीण आहे ते सरावाच्या पहिल्याच दिवशी कळले. मी वही घेऊन वाळूत उभा राहिलो आणि तक्त्याप्रमाणे तिसरी होडी मोजली. लगेच दुसरीवाला आला.

"आमचे माशे माशे नाय काय रे?"

"तसा नाय. तुमचो नंबर निघाक नाय."

"नंबर कोण काढता?"

"ह्यो कागद."

त्याने कागद उलटा सुलटा करून पाहिला. "ह्येका आमची होडी ठावक आसा?"

"नाय."

"मगे ह्येका काय विचारतंस? माका विचार!"

पहिले दोन दिवस मोजलेल्या होड्यांचे लोक नाराज होते, कारण मोजल्याने दृष्ट लागते. तिसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी मोजलेल्या एका होडीला भरपूर बांगडा मिळाला. चौथ्या दिवसापासून ज्यांना मोजले नाही ते नाराज झाले.

यात सर्वांत पुढे आमच्या शेजारची काकी. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, होडी घेऊन जाई आणि काकी आलेला मासा टोपलीतून विकायला नेई. जाता जाता आमच्या पडवीत चार मासे ठेवल्याशिवाय ती पुढे जात नसे. मी लहान असल्यापासून हे चालत आले होते. आईने कधी भाजी दिली, कधी नारळ दिले, पण तो हिशेब नव्हता. काकीच्या होडीचा नंबर सरावाच्या सहाही दिवसांत निघाला नाही. रोज ती म्हणे, "तो कागद काय तुझो मामा लागता, तेचाच आयकतंस तो?"

मग ठरलेला दिवस आला. सकाळी पंधरा होड्या गेल्या होत्या. तक्त्यातून चार, नऊ आणि तेरा हे क्रमांक निघाले. चौथी होडी मोजली, सहा टोपल्या. नववी मोजली, पाच टोपल्या. बारावी काकीची होती आणि ती बांगड्याने इतकी भरली होती की पाणी काठाला टेकले होते. त्या मोसमात एवढा मासा पहिल्यांदाच आला होता. किनाऱ्यावरची सगळी माणसे तिकडे धावली. काकीने माझा हात धरला.

"आज आमची मोज. आज तरी सरकारात आमचो आकडो जांवदे."

"काकी, बारा नंबर नाय. तेरा आसा."

"अरे, तेरावी अजून पाण्यात आसा. तवसर काय हात बांधून रवतलंस? मोज!"

तिने हात सोडला नाही. पंधरा वीस माणसे बघत होती. मी मोजायला लागलो. एकतीस टोपल्या भरल्या. प्रत्येक आकड्याला काकी आजूबाजूला बघे, सगळे ऐकत आहेत ना म्हणून. मी मान वर केली तेव्हा तेरावी होडी लागून रिकामी झाली होती, तिचा मासा बायकांच्या डोक्यावरून वाटेला लागला होता, आणि होडीवाला जाळे झटकत होता.

घरी येऊन कागद समोर घेतला. तीन आकडे हवे होते. माझ्याकडे सहा, पाच आणि काकीचे एकतीस होते. तेराव्याच्या रकान्यात एकतीस लिहिले तर सरासरी चौदा आणि पंधरा होड्यांच्या दोनशे दहा टोपल्या. संध्याकाळी मी पंधराही होडीवाल्यांना विचारत फिरलो. तेराव्या होडीला चार टोपल्या मिळाल्या होत्या. सगळ्यांची बेरीज भरली एकशे एक. म्हणजे काकीच्या हातामुळे मी किनाऱ्यावरचा मासा दुपटीहून जास्त केला होता.

बाबांना सांगितले. त्यांनी विचारले, "एकतीस खोटे काय?"

"एकतीस खरे. रकानो खोटो."

"तेरावेचे चार लिवन टाक. ते तरी खरे ना?"

"ते मी मोजूक नाय. आयकलेले."

बाबा म्हणाले, "तुका जा शिकवल्यानी, तेच्यात काय आसा ता तुका ठावक. माका दिवाळी खंयच्या तारखेक ती ठावक आसा."

मी तेराव्याचा रकाना रिकामा ठेवला. शेऱ्याच्या जागी लिहिले, "क्रमांक १३ ची होडी मोजली नाही. त्या वेळी शेजारच्या काकींच्या भिडेखातर क्रमांक १२ ची होडी मोजत होतो."

तीन दिवसांनी अधिकारी आले. साहेब देशावरचे होते, नाकाला रुमाल लावून वाळूत चालत. आमच्या पडवीत बसून त्यांनी कागद वाचला आणि शेरा दुसऱ्यांदा वाचला.

"'भिडेखातर' याला आमच्या फॉर्मात रकाना नाही."

"चूक झाली साहेब."

"प्रत्येक किनाऱ्यावर एक काकी असते. चूक नवीन नाही, लेखी पहिल्यांदा आली." त्यांनी विचारले, "खरा आकडा काढलात?"

मी एकशे एक सांगितला. आणि मला दोन दिवस सलत होते तेही विचारले. मी नियमाने तेरावी होडी मोजली असती तर सहा, पाच आणि चार, म्हणजे अंदाज पंचाहत्तर निघाला असता. तोही चुकीचाच.

"चुकीचाच," साहेब म्हणाले. "पण ती तक्त्याची चूक. ती आज कमी होते, उद्या जास्त होते, वर्षभरात भरून निघते. काकींची चूक रोज एकाच बाजूला जाणार. तुमच्या काकी रिकामी होडी मोजायला बोलावतील का?"

मी नाही म्हणालो.

"हा कागद मी धरत नाही. उद्या पुन्हा मोजा. मी उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी पंधरा होड्या गेल्या. तक्त्यातून दोन, सात आणि अकरा निघाले. दुसरी होडी मोजली. सहावी लागली, आणि सातवी येताना दिसली. ती काकीची होती. किनाऱ्यावरून काकीला ती पाण्यावर हलकी, उंच दिसत असणार, कारण ती माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आज आमची नको मोजू."

"काकी, आज सात नंबरच निघालो."

"काय मोजतलंस? पाणी? फुडची मोज."

होडी लागली. जाळे कोरडेच गुंडाळलेले. मी वहीत सात लिहिले आणि पुढे पेन टेकले.

"काय लिवतंस?"

"शून्य."

"माझ्या घोवाच्या नावाफुडे शून्य? सरकारात?"

"नाव लिवणत नाय काकी. नुसतो नंबर."

"सात नंबर कोणाचो ता अख्ख्या गावाक ठावक आसा! त्या दिवशी एकतीस टोपल्यो इल्यो, त्यो तुका चलाक नाय. आज काय एक नाय, ता लिवतंस. हो खंयचो न्याय रे?"

काका होडीतूनच म्हणाले, "लिव रे. मासोच नाय तर तो तरी काय लिवतलो?"

"तुमी गप रवा!"

मी साहेबांकडे पाहिले. साहेब रुमालाआडून समुद्राकडे बघत होते. एकतीस टोपल्या मोजायला मला अर्धा तास लागला होता, पण ते एक शून्य काढायला त्याहून जास्त वेळ लागल्यासारखे वाटले. मी ते काढले. काकी टोपली उचलून निघून गेली.

अकरावी मोजून झाल्यावर साहेबांनी वही घेतली, सही केली, आणि काही न सांगता दुपारच्या गाडीने गेले.

पुढचे दिवस जड गेले. पडवीत मासे यायचे बंद झाले. आई म्हणाली, "शून्य जरा बारीक लिवक काय झाला होता?" मामाचे निर्वाणीचे कार्ड आले. मी दोन उत्तरे लिहून ठेवली, एक 'येतो' आणि एक 'येत नाही'. बाबा म्हणाले, "खंयचाव एक धाड. दोनय धाडू नको." दिवाळीला पाच दिवस राहिले तरी दोन्ही उत्तरे घरातच होती. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने सरकारी लिफाफा आणला. मला घेतले होते. मी 'येत नाही' हे पत्र त्याच पोस्टमनच्या हातात दिले.

नेमणूक वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर होती. साहेबांनी शिफारशीत लिहिले होते, की उमेदवार योग्य आहे, मात्र त्याला स्वतःचे गाव देऊ नये. आई म्हणाली, "थंय आपला कोण आसा?" कोणी नाही, म्हणूनच तर ते गाव मला मिळाले होते. पण हे तिला पटवणे अवघड होते.

त्याच संध्याकाळी काकी पडवीत आली. पंधरा दिवसांनी. उभ्याउभ्याच म्हणाली, "शून्य लिवन नोकरी गावली मेल्याक! एकतीस लिवलं असतंस तर साहेब झालं असतंस!" आणि मग खाली बसून आईला विचारू लागली, की थंय याच्या जेवणाची सोय काय, आणि याला तिखट कमी लागते हे त्या लोकांना कोण सांगणार.

आमच्या वर्गातल्या ज्या सहा जणांनी नाव नोंदवले होते, त्यांपैकी त्या जिन्याखालच्या खोलीमुळे विषयाचे काम मिळालेले माझ्या माहितीत चार. एकाने स्वतः शोधले. एकाला शेवटी त्याच्या मामाने चिकटवले. सहात चार हे प्रमाण मी पुढे पुष्कळ लोकांना सांगितले, आणि दर वेळी हेही सांगितले की सहा हा नमुना लहान आहे.

दिवाळी होताच मी एस.टी.ने नव्या गावी गेलो. पहिल्या सकाळी वही, तक्ता घेऊन किनाऱ्यावर उभा राहिलो. मला ओळखणारे तिथे कोणीच नव्हते. मन अगदी मोकळे होते. वीस होड्या गेल्या होत्या, चार मोजायच्या होत्या. इतक्यात माडाखालच्या खोपटातून एक म्हातारी किटली घेऊन आली आणि माझ्यासमोर कप धरून म्हणाली, "नवो दिसतंस. चाय घेतंस काय रे, झिला?"

मी हात मागे घेतला. "आधी सांगा आजी, तुमची होडी खंयची?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "माझी खंयची होडी रे? माझी नुसती चाय आसा."

मग मी दोन कप प्यालो.